उजेड अडत नाही, फक्त वळतो: बटणावर दुधी होणारी काच आणि आरपार दिसणारे पडदे

बडोद्यात अलकापुरीपासून गोत्रीपर्यंत नव्या दवाखान्यांत आणि ऑफिसांत एक काच दिसायला लागली आहे. डॉक्टरांच्या खोलीची भिंत आरपार असते. पेशंट आत गेला, कोणीतरी बटण दाबलं, की पापणी लवायच्या आत ती भिंत दुधी होते. पडदा पडलेला नसतो, काचेवर वाफही धरलेली नसते. बाहेर बाकावर बसलेली माणसं एकमेकांना विचारतात, "आत गॅस भरतात का हो?" "हात लावला तर शॉक नाही ना बसणार?" आणि सगळ्यात रास्त प्रश्न, "लाइट गेली तर?"

ही काच आता दवाखान्यापुरती राहिलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये रेल्वेने नव्या विस्टाडोम डब्याची, म्हणजे मोठ्या खिडक्या आणि काचेचं छत असलेल्या डब्याची, ताशी १८० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली, तेव्हा त्या डब्याच्या वैशिष्ट्यांत विजेने दुधीपणा बदलता येणाऱ्या काचेचाही उल्लेख होता. पुढच्याच महिन्यात, १७ जानेवारी २०२१ला, अहमदाबादहून बडोद्यावरून केवडियाला जाणारी जनशताब्दी विस्टाडोम डब्यासह सुरू झाली आणि आपल्याकडे या डब्यांची चर्चा घरोघर झाली. मग जानेवारी २०२४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात एलजी आणि सॅमसंग यांनी आरपार दिसणारे पडदे मांडले. तेव्हापासून 'काचेचा टीव्ही' व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

लोक या सगळ्याला एकच तंत्र समजतात, पण तसं नाही. एलजीचा टीव्ही ओएलईडीचा, म्हणजे स्वतःच उजेड देणाऱ्या सेंद्रिय पदार्थाच्या ठिपक्यांचा होता, सॅमसंगचा पडदा अतिसूक्ष्म एलईडींचा. दवाखान्यातली काच ज्या तत्त्वावर चालते त्यावर उभा असलेला पडदा तिसराच आहे, त्याची चर्चा कमी होते, आणि माझ्या मते या तिघांत तोच सगळ्यात जास्त 'काच' राहिला आहे. दुधी झालेली काच उजेड गिळत नाही, त्याची फक्त दिशा मोडते. तिचे गुण आणि तिच्या उणिवा, दोन्ही या एकाच गोष्टीतून निघतात. एवढं नीट कळलं, तर दुकानदार काय सांगतो आहे आणि त्यातलं किती खरं, हे कोणालाही ताडता येईल.

कागदावरचा तेलाचा डाग

आपला लीलो, म्हणजे ओलसर, चिवडा कागदात बांधून आणला की घरी येईपर्यंत कागदावर तेलाचा डाग पडतो. तो कागद उजेडासमोर धरला तर डागाच्या जागी तो जवळजवळ आरपार दिसतो, बाकीचा पांढराच राहतो. तेलाने कागदातला पांढरा रंग धुतला का? नाही. कागदात पांढरा रंग असा नसतोच म्हटलं तरी चालेल. कागद म्हणजे बारीक, जवळपास रंगहीन तंतूंचं जाळं, आणि तंतूंच्या मधल्या फटींत हवा. उजेड हवेतून तंतूत शिरताना वळतो, तंतूतून हवेत निघताना पुन्हा वळतो. असं शेकडो वेळा झाल्यावर तो कुठल्या दिशेने आला होता याचा मागमूसच उरत नाही. सगळीकडे सारखा विखुरलेला उजेड आपल्या डोळ्याला पांढरा दिसतो.

उजेड किती वळणार हे त्या दोन पदार्थांतल्या एका आकड्यावर ठरतं. त्याला अपवर्तनांक म्हणतात: निर्वात पोकळीच्या तुलनेत त्या पदार्थात प्रकाश किती पट हळू चालतो, तो आकडा. हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, खाद्यतेलाचा १.४७च्या आसपास, काचेचा आणि कागदाच्या तंतूंचा साधारण १.५. तंतू आणि हवा यांच्या आकड्यांत मोठी तफावत, म्हणून उजेड विखुरतो. हवेची जागा तेलाने घेतली की तफावत जवळजवळ मिटते, उजेडाला सीमा जाणवतच नाही आणि तो सरळ निघून जातो.

बाथरूमच्या खरखरीत दुधी काचेवर सेलोटेप घट्ट चिकटवून पाहा. टेपचा डिंक खरखरीत खड्ड्यांत भरतो आणि तेवढी पट्टी आरपार होते. म्हणून अशा काचेची खरखरीत बाजू बाथरूमच्या आत ठेवू नये. पाणी उडालं की तीही तेवढ्यापुरती उघडी पडते.

म्हणजे पांढरेपणा ही तफावत आहे, आणि आरपारपणा म्हणजे तफावतीचा अभाव. तेलाचा डाग मात्र एकदाच पडतो, परत काढता येत नाही. बटणावर चालणारी काच हवी असेल तर असा पदार्थ हवा, ज्याचा अपवर्तनांक हुकमी बदलता येईल.

द्रवही आणि स्फटिकही

तो पदार्थ १८८८ साली प्रागमध्ये सापडला, आणि सापडला तो त्याच्या गढूळपणामुळेच. फ्रीड्रिश राइनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होते. ते संयुग १४५.५ अंशांना वितळलं, पण वितळून जो द्रव झाला तो गढूळ होता. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना तो एकाएकी स्वच्छ झाला. शुद्ध पदार्थाला एकच वितळबिंदू असतो हे तेव्हाही सगळ्यांना पाठ होतं. इथे जणू दोन होते. राइनिट्झर यांनी नमुने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांच्याकडे पाठवले. लेहमान यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सांगितलं की हा मधला पदार्थ द्रवासारखा वाहतो आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागतो. आज आपण त्याला द्रवस्फटिक म्हणतो, बोलताना लिक्विड क्रिस्टल. एलसीडीतली पहिली दोन अक्षरं तीच.

याचे रेणू बारीक काड्यांसारखे लांबट असतात, साधारण दोन नॅनोमीटरचे. द्रवात ते इकडेतिकडे सरकतात, पण एका भागातले सगळे साधारण एकाच दिशेला तोंड करून राहतात. ही दिशा महत्त्वाची, कारण अशा द्रवाला अपवर्तनांक एक नसतो, दोन असतात. प्रकाशलहरीचं कंपन काडीच्या लांबीच्या दिशेने असेल तर एक, आडवं असेल तर दुसरा. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं ई-७ नावाचं मिश्रण घेतलं तर हे दोन आकडे साधारण १.७४ आणि १.५२ आहेत. काड्या वळवल्या की उजेडाला दिसणारा आकडा बदलतो. आणि काड्या विजेने वळतात.

या शास्त्रात भारताचं नाव मोठं आहे, ते आपल्याकडे पुरेसं घेतलं जात नाही. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिलं की काड्यांसारखेच नव्हे, तर चकत्यांसारखे चपटे रेणूही द्रवस्फटिक बनवतात. चंद्रशेखर हे सर सी. व्ही. रामन यांचे भाचे आणि विद्यार्थी. द्रवस्फटिकांसाठी त्यांनी बंगळुरूमध्ये जे केंद्र १९९१ साली उभं केलं, ते आज नॅनो आणि मृदू पदार्थ विज्ञान केंद्र म्हणून काम करतं. आपल्या मुलांनी पदार्थविज्ञान घेतलं तर परदेशाआधी हा पत्ता त्यांना ठाऊक असावा, म्हणून हे इथे सांगितलं.

प्लास्टिकमध्ये अडकलेले थेंब

आता दवाखान्यातली काच. खरं तर काम काच करत नाही, तिच्या पोटातली एक पातळ फिल्म करते. बाजारात तिला पीडीएलसी फिल्म किंवा सरळ स्मार्ट फिल्म म्हणतात. द्रवस्फटिकाचे अतिसूक्ष्म थेंब पॉलिमरमध्ये, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकमध्ये, पसरलेले असतात, एवढाच तिचा अर्थ.

ती बनवायची रीत मला फार आवडते. द्रवस्फटिक आणि प्लास्टिकचा कच्चा द्रव हे एकमेकांत पूर्ण विरघळवतात. मिश्रण स्वच्छ, एकजीव दिसतं. मग त्यावर अतिनील प्रकाश टाकतात. कच्चा द्रव घट्ट होत जातो, आणि घट्ट होताना त्याच्यात द्रवस्फटिक मावेनासं होतं. ते बाहेर पडतं, पण बाहेर जायला जागा नसल्याने जागच्या जागी थेंब होऊन अडकतं. एकेक थेंब साधारण एक मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, तेव्हा थेंबाचं माप उजेडाच्या मापाजवळचं झालं, आणि याच मापाला उजेड जोरात विखुरतो. थेंब फार मोठे झाले तर तेवढ्याच द्रवात ते संख्येने कमी होतात, दुधीपणा फिका पडतो. फार बारीक झाले तर ते वळवायला जास्त व्होल्ट लागतात. कारखान्याचं सगळं कसब हे माप सांभाळण्यात आहे.

ही फिल्म जेमतेम दहा-वीस मायक्रोमीटर जाड, केसापेक्षाही पातळ. तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पत्रे, आणि त्यांच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा लेप. हा लेप वीज वाहतो आणि तरी दिसत नाही. तुमच्या मोबाइलच्या पडद्यावरही बोटाचा स्पर्श ओळखणारा लेप सहसा हाच असतो.

वीज बंद असताना प्रत्येक थेंबातल्या काड्या आपापल्या दिशेला असतात, एका थेंबाचा शेजारच्या थेंबाशी मेळ नाही. येणाऱ्या उजेडाला कुठे १.५५, कुठे १.६५ असे वेगवेगळे आकडे भेटतात. भोवतीच्या प्लास्टिकचा आकडा मुद्दाम १.५२ ठेवलेला. पदोपदी तफावत, म्हणून काच दुधी. वीज दिली की सगळ्या थेंबांतल्या काड्या विजेच्या दिशेने, म्हणजे काचेला काटकोनात, उभ्या राहतात. समोरून सरळ येणाऱ्या उजेडाला आता फक्त काड्यांचा आडवा आकडा दिसतो: १.५२. प्लास्टिकचाही १.५२. कागदावर तेलाने जे केलं तेच इथे विजेने केलं. थेंब तिथेच आहेत, पण उजेडाच्या लेखी ते नाहीत.

यासाठी साधारण ६० व्होल्ट पुरतात. घरात २३० असतात, म्हणून मधे छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. ६० हा आकडा लहान वाटतो, पण तो वीस मायक्रोमीटरच्या पोटात लागतो, म्हणजे दर मीटरला तीस लाख व्होल्ट या हिशोबाचा दाब त्या थेंबांवर पडतो. वीज एसीच, म्हणजे सतत दिशा उलटणारी, द्यावी लागते. डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, दिली तर द्रवात असलेले थोडेसे विद्युतभारित कण एका बाजूला गोळा होतात आणि फिल्म खराब होते. लेप प्लास्टिकच्या आणि काचेच्या आत बंद असतो, त्यामुळे नीट बसवलेल्या काचेला हात लावून शॉक बसत नाही. कडेचा तारेचा जोड उघडा राहिला असेल तर मात्र ६० व्होल्टही खेळ नव्हे.

लाइट गेली तर?

नेहमीच्या फिल्ममध्ये काच आरपार ठेवायला वीज लागते आणि वीज गेली की ती दुधी होते. ऐकून उलटं वाटतं, पण तपासणीच्या खोलीसाठी हेच बरोबर आहे. लाइट गेली म्हणून आतला पेशंट उघडा पडत नाही.

टोकियोच्या शिबुया भागात वास्तुविशारद शिगेरू बान यांनी ऑगस्ट २०२०मध्ये दोन बागांत काचेच्या भिंतींची सार्वजनिक स्वच्छतागृहं उभी केली. आत कोणी नसेल तर सगळं आरपार, म्हणजे बाहेरूनच कळावं की जागा स्वच्छ आणि मोकळी आहे. आतून कडी लावली की भिंती दुधी. पुढे थंडीत काच दुधी व्हायला वेळ लागायला लागला आणि ती कायम दुधीच ठेवावी लागली. कारण सरळ आहे. वीज तोडल्यावर काड्यांना परत विस्कटायला कोणी ढकलत नाही, थेंबाची भिंतच त्यांना हळूहळू मूळ जागी आणते. थंडीत द्रव दाट होतो आणि हे परतणं मंदावतं. बडोद्याच्या थंडीत ही अडचण येणार नाही. आपली अडचण दुसऱ्या टोकाची आहे.

उन्हाळ्यात खोली थंड राहील का?

जाहिरातींत 'स्मार्ट', 'ऊर्जाबचत' असे शब्द असतात आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. म्हणून स्पष्ट लिहितो: साधी पीडीएलसी फिल्म दुधी झाली तरी ऊन फारसं अडवत नाही. एक मायक्रोमीटरचे थेंब उजेड विखुरतात खरे, पण बहुतेक उजेड पुढेच जातो, थोडा तिरका होऊन. थोडाच मागे फिरतो. खोलीत उजेड जवळपास तेवढाच येतो आणि त्याच्याबरोबर उष्णताही.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. सयाजीरावांच्या काळातल्या त्या योजनेत काचेचं काम उजेड वाटायचं होतं. दुधी फिल्म तेच करते: दृश्य पुसते, उजेड पोचवते. ज्यांना डोळ्यांवर येणारं ऊन मऊ करायचं आहे, त्यांना ती उपयोगी. ज्यांना एसीचं बिल कमी करायचं आहे, त्यांनी उष्णता परतवणारा लेप असलेली काच घ्यावी किंवा खिडकीच्या बाहेरून सावली करावी. काळपट होऊन ऊन खरोखर शोषणारी विजेची काच वेगळी असते, बोइंग ७८७ विमानाच्या खिडक्यांत असते तशी. तिच्यात द्रवस्फटिकाचे थेंब नसतात आणि ती गडद व्हायला बराच वेळ घेते.

उन्हाची दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. द्रवस्फटिक ठरावीक तापमानाच्या वर गेलं की काड्यांची शिस्त मोडते आणि तो साधा द्रव होतो. राइनिट्झर यांच्या १७८.५ अंशांचा अर्थ तोच. ई-७ मिश्रणासाठी हे तापमान साठ अंशांच्या जरा खालीच आहे. व्यापारी फिल्ममध्ये जास्त तापमानाला टिकणारी मिश्रणं वापरतात, तरी पश्चिमेच्या भिंतीतली, दुपारभर तापलेली काच किती गरम होते याचा अंदाज आपल्याला हात लावून येतो. मर्यादा ओलांडली तर बटण दाबूनही काच बदलत नाही. थंड झाली की पुन्हा चालू. हा बिघाड नसतो, पण रोज होत असेल तर फिल्म चुकीच्या जागी लावली आहे. शिवाय उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं पडत राहिले तर प्लास्टिक आणि द्रवस्फटिक दोन्ही झिजतात. म्हणून ही फिल्म खोल्यांमधल्या भिंतींना जास्त शोभते. रस्त्याकडच्या खिडकीला लावायचीच असेल तर अतिनील अडवणारी काच तिच्या बाहेर हवी.

मग आतलं खरंच काही दिसत नाही?

दुधी काचेला अगदी चिकटून उभं राहिलेलं माणूस बाहेरून कळतं. हात टेकवला तर बोटं मोजता येतात. उजेड काचेतून निघताना पसरतो, आणि वस्तू जितकी लांब, तितका तो पसरून दृश्य पुसलं जातं. वस्तू काचेलाच लागून असेल तर पसरायला अंतरच मिळत नाही. म्हणून तपासणीचं टेबल अशा भिंतीला लावून ठेवू नये, चार-पाच फूट आत घ्यावं. पेशंटच्या मागे प्रखर दिवाही नको, नाहीतर काचेवर त्याची सावली पडते. हे डॉक्टरांनी आणि फर्निचरवाल्याने आधीच ठरवायचं असतं, आणि सहसा कोणी ठरवत नाही. बाईमाणसाला आत जाताना धाकधूक वाटत असेल तर ती रास्त आहे. तिला 'काही दिसत नाही हो' म्हणून गप्प करण्याऐवजी टेबल सरकवावं.

उलट बाजूची तक्रारही खरी आहे: आरपार असतानाही काच तिरकं पाहिलं की धुरकट दिसते. तिरक्या उजेडाला काड्यांचा नुसता १.५२ दिसत नाही, लांबीच्या आकड्याचाही थोडा अंश भेटतो, आणि तफावत परत डोकं वर काढते. समोरून पाहून खुश होऊन घेतलेली काच बाजूच्या सोफ्यावरून निराश करते ती यामुळे.

विजेचा खर्च मात्र काळजीचा नाही. दर चौरस मीटरला पाच वॉट धरा. दोन चौरस मीटरची काच बारा तास आरपार ठेवली तर ०.१२ युनिट.

यातून टीव्ही कसा होतो?

आपल्या घरातला एलसीडी टीव्ही द्रवस्फटिकाचाच असतो, पण तो उजेड विखुरून चालत नाही. त्याच्यात द्रवस्फटिकाच्या दोन्ही बाजूंना ध्रुवक पट्ट्या असतात, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणारी गाळणी. पहिल्या पट्टीतच अर्ध्याहून जास्त उजेड मरतो. मग लाल, हिरवी, निळी गाळणी उरलेल्यातला बराचसा खातात. मागच्या दिव्याचा दहावा हिस्साही क्वचितच डोळ्यापर्यंत येतो. मागचा दिवा काढून असा पडदा खिडकीत लावला तर तो गॉगलच्या काचेपेक्षाही काळा दिसेल.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती विसरली गेली आहे. पहिला एलसीडी विखुरण्यावरच चालायचा. अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ साली तो जगापुढे मांडला: वीज दिली की द्रवात खळबळ होऊन तो दुधी व्हायचा. जपानच्या शार्प कंपनीने १९७३ साली याच तऱ्हेचा पडदा लावून खिशात मावणारा कॅल्क्युलेटर विकला. पण तेवढ्यात ध्रुवक पट्ट्यांचा, कितीतरी कमी विजेवर चालणारा प्रकार आला आणि घड्याळांपासून टीव्हीपर्यंत सगळं त्याच्याकडे गेलं. विखुरणं मागे पडलं. १९८०च्या दशकात जेम्स फर्गसन यांनी आणि अमेरिकेतल्याच केंट स्टेट विद्यापीठात विल्यम डोन यांच्या गटाने द्रवस्फटिकाचे थेंब प्लास्टिकमध्ये बांधायच्या रीती काढल्या, आणि त्यातून आजची ही फिल्म आली.

टीव्हीसाठी दोन बदल करावे लागतात. पहिला, काच वीज नसताना आरपार हवी, म्हणजे पडदा बंद असताना ती नुसती काच राहील. यासाठी थेंबांऐवजी द्रवस्फटिकात पॉलिमरचं विरळ जाळं विणतात, आणि दोघांची दिशा सुरुवातीलाच एक ठेवतात. दोघांचे आकडे जुळलेले, म्हणून आरपार. वीज दिली की द्रवस्फटिक वळतं, जाळं वळत नाही. तफावत होते, तेवढा ठिपका दुधी. ठिपका म्हणजे चित्राचा एक कण, आणि असे लाखो कण वेगवेगळे चालवायला पारदर्शक काचेवरच बारीक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची सूक्ष्म बटणं, असतात.

दुसरा बदल उजेडाचा. दिवे मागे नसतात, काचेच्या कडेला असतात. कडेतून आत शिरलेला उजेड काचेच्या दोन पृष्ठांमध्ये आपटत पुढे सरकतो. पृष्ठावर तो इतका तिरका पडतो की बाहेर निघूच शकत नाही. समोर बसलेल्याला काचेत उजेड आहे हे कळतही नाही. वाटेत दुधी ठिपका भेटला की मात्र त्याची दिशा मोडते, तो सरळ होऊन बाहेर पडतो आणि तो ठिपका चमकतो. रंगासाठी गाळणी नाहीत. कडेचे लाल, हिरवे आणि निळे दिवे आळीपाळीने इतक्या वेगाने लागतात, आणि ठिपके त्या तालावर दुधी-आरपार होतात, की डोळा तिन्ही रंग एकत्र करतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर १८० वेळा पाळी बदलते.

ध्रुवक नाही, गाळणी नाही, त्यामुळे उजेड वाया जाणाऱ्या जागाच कमी. जपान डिस्प्ले कंपनीने या रीतीने केलेल्या २०.८ इंची पडद्यातून ८४ टक्के उजेड आरपार जातो. साधी खिडकीची काचही ९० टक्क्यांच्या आसपासच सोडते. आरपार ओएलईडीमधून चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. हा फरक डोळ्याला कळण्याइतका मोठा आहे, आणि म्हणूनच या तिसऱ्या पडद्याला मी सगळ्यात जास्त काच म्हणतो.

काळा रंग कुठे गेला?

उजेड गिळणारं यात काहीच नाही, म्हणून काळा रंगही नाही. जिथे चित्रात काळं आहे तिथे मागचं दृश्य दिसतं. रात्रीच्या प्रसंगात नायकाच्या जागी तुमच्या दिवाणखान्यातलं कपाट दिसेल. एलजीच्या आरपार टीव्हीलाही हीच अडचण आहे, म्हणून त्याच्या मागे गरजेप्रमाणे वर येणारा गडद पडदा दिला आहे. दुधी ठिपक्यावर खिडकीतलं ऊन पडलं तर तेही विखुरतं आणि सगळे रंग फिके पडतात. शिवाय कडेच्या दिव्यांजवळ चित्र उजळ असलं तर उजेड तिथेच खर्च होतो, लांबच्या टोकाला कमी पोचतो. म्हणून या जातीचा पडदा भिंतभर करणं अवघड आहे. घरात सिनेमा पाहायला तो घ्यावा असं मला वाटत नाही, आणि त्याचा तो उद्देशही नसावा.

जिथे काच आधीच आहे आणि तिच्या पलीकडचं दिसणंही गरजेचं आहे, तिथे त्याचं खरं काम आहे. २०२३ साली टोकियोच्या सेइबू-शिंजुकू स्थानकात चौकशीच्या खिडकीला आरपार पडदा लावून पाहिला. प्रवासी आपल्या भाषेत बोलतो, भाषांतर काचेवर उमटतं, आणि दोघं एकमेकांचा चेहरा बघतच बोलतात. बडोद्याच्या स्टेशनवर, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर रोज गुजराती, मराठी, हिंदी यांची सरमिसळ चाललेली असते. त्याच रांगेत ऐकू न येणारेही असतात. मोबाइल हातोहात देण्यापेक्षा समोरच्या काचेवरच अक्षरं आली तर आजीबाईंना किती सोपं जाईल!

सयाजीबागेतल्या म्युझियमचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती तिथे आहेत. आपल्याच शहराच्या एका भागात सापडलेल्या, आणि मुलं त्यांच्यापुढून पळत पुढच्या दालनात जातात, कारण शेजारची पाटी बारीक आणि मूर्ती अबोल. कपाटाची काचच जर मूर्तीच्या पाठीमागचा लेख कुठे कोरला आहे ते दाखवणारी रेघ ओढू शकली, तीन भाषांत दोन ओळी लिहू शकली आणि मग पुन्हा पूर्ण नाहीशी होऊ शकली, तर मुलं थांबतील असं मला मनापासून वाटतं. कापड आणि चित्रांच्या कपाटांबाबत मात्र सावध राहायला हवं. काच दुधी केली म्हणजे आतली वस्तू उजेडापासून वाचली असं होत नाही. उजेड पुढे जातोच, आणि पटोळ्यासारखा रंगीत रेशमी पट त्याने फिका पडत राहतो. त्यासाठी मंद दिवे आणि अतिनील अडवणारी काचच हवी.

घ्यायचीच असेल तर

पडदा आणि व्हेनेशियन ब्लाइंड यांपेक्षा ही काच कितीतरी महाग आहे, आणि घराच्या खिडकीला पडदा उत्तम. ऑपरेशन थिएटर, आयसीयू, तपासणीची खोली अशा जागी गोष्ट वेगळी होते, कारण कापडात धूळ आणि जंतू बसतात, काच पुसता येते. तिथे मी पैशाकडे बघणार नाही.

दोन प्रकार मिळतात. एकात फिल्म दोन काचांच्या मधे कायमची दाबलेली असते. दुसऱ्यात मागे डिंक असलेली फिल्म जुन्या काचेवर चिकटवतात. दुसरा स्वस्त, पण त्याच्या कडा उघड्या राहतात, आणि या फिल्मचा घात नेहमी कडेकडून होतो. पावसाळ्यात ओल आत शिरते, तांब्याच्या पट्टीचा जोड गंजतो आणि कडेने काच दुधीची दुधीच राहायला लागते. कडा बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका, त्यातलं आम्ल लेप खातं. वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन मागा. पुसताना पाणी कडेवर मारायचं नाही, ओल्या कापडाने मधून पुसायचं.

ऑर्डर देण्याआधी नमुन्याचा तुकडा चालू करून बाजूने, अगदी तिरकं बघा. मग तो दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवून बटण दाबा. आणि सोबतचा ट्रान्सफॉर्मर त्याच कंपनीचा आहे का, तो बिघडला तर बडोद्यात दुसरा मिळेल का, हे बिलावर लिहून घ्या. फिल्मच्या आधी तो बंद पडला, तरी काच दुधीच राहते.